पेढ्यावर अकरा ओळी, पोत्यावर एक

वाचकाचं पत्र, थोडक्यात: हे वाचक सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात सहा वर्षं दिवाणजी आहेत. वय एकतीस. घरी आई, पत्नी, शाळेत जाणारी मुलगी. घराणं पिढ्यांपासून ख्रिस्ती, रविवारची उपासना चुकत नाही. खंडेनवमीला दुकानात काट्याची पूजा झाली, पेढे वाटले गेले. एका हमालाने हातावर ठेवलेला पेढा यांनी खिशात घातला आणि नंतर गटारीत टाकला. हमालाने ते पाहिलं, तेव्हापासून तो बोलत नाही. आता लक्ष्मीपूजनाला वह्यांची पूजा आहे, तेव्हा काय करायचं? फोनवर ‘शेठ बाहेर गेलेत’ असं रोज सांगावं लागतं. दर पोत्यामागे अर्धा किलो कमी लिहावं लागतं, ‘पण ते मालकाचं पाप’. महिन्याला पाचशे रुपये ‘चहापाण्याचे’ वेगळे मिळतात, त्यातूनही ते दशांश, म्हणजे मंडळीला द्यायचा दहावा हिस्सा, काढतात. रोज रात्री पापकबुली, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मालकाची साठ हजारांची उचल अंगावर आहे आणि यातलं काहीच पत्नीला सांगितलेलं नाही. ते विचारतात, ‘नोकरी सोडू का? मी खरा ख्रिस्ती आहे का?’

प्रिय बंधू,

सलाम. तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना ओळी मोजल्या. पेढ्यावर अकरा ओळी आहेत, फोनवर चार, आणि पोत्यावर एक. तीही ‘पण ते मालकाचं पाप’ असं म्हणून संपवलेली. घोडं इथेच पेंड खातंय असं मला वाटतं.

त्या एका ओळीचा हिशेब मांडू, कारण हिशेब हे तुमचंच काम आहे. एखाद्या शेतकऱ्याची चाळीस पोती आली. पोत्यामागे अर्धा किलो म्हणजे वीस किलो. भाव रोज बदलतो, हिशेबापुरता दीडशे धरा. तीन हजार रुपये झाले. अक्षय तृतीयेच्या सुमाराला लावलेली, आठ-नऊ महिने पाणी पाजलेली, मग काढून, शिजवून, वाळवून, पॉलिश करून आणलेली हळद आहे ती. तीन हजार म्हणजे त्याच्या शेतावरच्या सात-आठ बायकांची एका दिवसाची मजुरी. पेढ्याने तुमचं मन मळलं असेल-नसेल, या तीन हजारांनी एका घराचं नुकसान नक्की झालंय. पट्टीवर, म्हणजे शेतकऱ्याच्या हातात पडणाऱ्या वजन-पैशाच्या हिशेबावर, अक्षर तुमचं आहे.

प्रभू येशूने परूश्यांना, म्हणजे नियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी धर्मपुढाऱ्यांना, हेच ऐकवलं होतं, मत्तय २३ मध्ये. पुदिना, शेप आणि जिरे यांचा दशांश चोख देता, पण न्याय, दया, विश्वासूपणा या भारी गोष्टी सोडता. मुरकूट गाळून काढता आणि उंट गिळता. जिऱ्याचा दशांश देऊ नका, असं मात्र तो म्हणाला नाही. हे करायचं होतं आणि तेही सोडायचं नव्हतं, असं म्हणाला. म्हणून पेढ्याचा प्रश्न मी टाळणार नाही, पण तो शेवटी घेऊ.

आता ‘मालकाचं पाप’. नियमशास्त्रात लेवीय १९ आणि अनुवाद २५ मध्ये खोट्या तागडीची बंदी आहे. अनुवादातली आज्ञा तर अशी आहे की थैलीत दोन तऱ्हेची वजनं, एक मोठं आणि एक लहान, बाळगायचीच नाहीत. थैली कोणाच्या मालकीची हे तिथे विचारलेलं नाही. मालकाने सांगितलं म्हणून त्याचा वाटा मोठा, हे मान्य. म्हणून तुमचा शून्य होत नाही. उलट बाजूही सांगतो, कारण तुमच्यासारखे हळवे लोक तिकडेही घसरतात. मालक दुसऱ्या व्यवहारात काय करतो, घेणारा पुढे कोणाला फसवतो, सगळ्याचा भार आपल्याच डोक्यावर घेऊन झोप घालवतात. तसं पाहिलं तर जगातूनच निघून जावं लागेल, असं प्रेषित पौलच करिंथच्या मंडळीला लिहितो (१ करिंथ ५). रोजच्या वापराला एक मोजपट्टी ठेवा: माझ्या हाताने काय लिहिलं, माझ्या तोंडाने काय सांगितलं, माझी सही कशावर आहे. यापलीकडचं दिसलं तर दुःख करा, प्रार्थना करा, पण त्याची कबुली देत बसू नका.

मग नोकरी सोडायची का? लगेच नाही. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे जकातदार आले आणि आम्ही काय करावं असं विचारू लागले. त्या काळी जकातदार म्हणजे लोकांच्या दृष्टीने चोरच. योहानाने त्यांना जकातनाका सोडायला सांगितलं नाही. ठरवून दिलंय त्यापेक्षा जास्त घेऊ नका, एवढंच सांगितलं (लूक ३). शिपायांनाही तेच: जुलमाने कोणाकडून काही घेऊ नका, पगारात समाधान माना. खुर्ची तीच, हात बदलायचा. हे राजीनाम्यापेक्षा अवघड असतं, कारण राजीनामा एकदाच द्यावा लागतो.

तर हात कसा बदलायचा? पहिलं काम बारदानाचं, म्हणजे रिकाम्या पोत्याचं. तुमच्या दुकानात कडता, म्हणजे वजनातली ही कपात, कशाच्या नावाने धरतात? बहुतेक पोत्याचं वजन, माती आणि वाळताना येणारी घट, हे सगळं एका आकड्यात कोंबलेलं असेल. चोरी तिथेच लपते, कारण त्या आकड्याचा थोडा भाग खरा असतो. पोत्याचं वजन वजा करणं रास्त आहे, नाहीतर घेणारा पोत्याचे पैसे हळदीच्या भावाने देईल. म्हणून दहा रिकामी पोती एकदम काट्यावर ठेवा आणि येईल त्या वजनाला दहाने भागा. समजा नऊ किलो दोनशे ग्रॅम आले, तर पोत्यामागे नऊशे वीस ग्रॅम. एक पोतं तोलून चालत नाही, कारण जुनं फाटकं पोतं हलकं, नवं जड आणि दमट हवेत भिजलेलं त्याहून जड भरतं. ज्यूटची दहा वेगळी आणि प्लॅस्टिकची दहा वेगळी तोला. आकडा तारखेसह भिंतीवर लावा, शेतकऱ्याला दिसेल असा. मातीबद्दल वाद असेल तर नमुना काढून शेतकऱ्यासमोर चाळा. यापलीकडचा अर्धा किलो कशाचाही नाही. बाजार समितीच्या नियमांत त्याला जागा नाही, आणि काट्याची दरवर्षी वैधमापन खात्याकडून पडताळणी होऊन शिक्का बसतो तो याचसाठी. गंमत अशी की तुमच्या दुकानातला काटा बहुधा बरोबरच असेल. खोटं काट्यावर होत नाही, काट्यावरून वहीत येताना होतं.

मग मालकाशी बोला. सौद्याच्या गडबडीत नको, गिऱ्हाइकासमोर नको, हमालांसमोर तर नकोच. दुपारी पट्ट्या संपल्या की आत बसून. आणि त्यांना पापी ठरवायला जाऊ नका. तुम्ही स्वतः काय करणार आहात तेवढंच बोला. साधारण असं: ‘शेठ, काट्यावर येईल तेच वजन मी यापुढे लिहीन. बारदान वजा करू, पण तोलून. हा आकडा काढलाय. सहा वर्षं तुमचं खाल्लंय, दुकानाचं वाईट व्हावं असं मनात नाही. एक महिना असं करून बघू, मग आवक किती वाढली-घटली ते मी तुम्हाला मांडून दाखवतो.’

ही मुदतीची कल्पना बायबलमधल्या दानीएलाच्या पुस्तकातून घेतलीय. तुम्ही म्हणाल, बाबेलच्या राजाचं अन्न नाकारून दानीएलाने तर रेषा जेवणावरच ओढली होती, मग पेढ्याला हलकं का म्हणता? बरोबर आहे. पण ती कशी ओढली ते पाहा. बाबेलची भाषा शिकला, विद्या शिकला, परकं नाव स्वीकारलं. जेवणाचं आधी मोठ्या अधिकाऱ्याला नम्रपणे विचारलं. त्याने भीती बोलून दाखवली, तर खालच्या कारभाऱ्याकडे गेला आणि दहा दिवसांची परीक्षा सुचवली, जिचा निकाल समोरच्याला डोळ्यांनी दिसेल. गुपचूप ताट गटारीत ओतलं नाही. आणि पुढे सहाव्या अध्यायात शत्रू त्याच्या कारभारात चूक शोधू लागले तेव्हा त्यांना एकही सापडली नाही. तुमच्या पट्ट्या आज कोणी काढून पाहिल्या तर?

मालकाला व्यवहाराचं कारणही द्या, तुमच्या श्रद्धेचा भार त्यांच्यावर टाकू नका. हल्ली शेतकरी गावच्या काट्यावर वजन करून गाडी भरतो. फरक निघाला की तो भांडत नाही, पुढच्या खेपेला दुसऱ्या दारात माल उतरवतो. शिवाय ज्या काट्याला आपण हार घालतो त्यावरचं वजन खोटं लिहू नये, हे मालकालाही त्यांच्या घरी शिकवलेलं असणार. तिथून बोलणं सुरू झालं तर उत्तम.

ते नाही म्हणाले तर दुसरा दरवाजा ठोठवा: ‘मला आवकेच्या पट्टीवरून काढा. जीएसटीची बिलं, बँक, जावक मी बघतो.’ पगार थोडा कमी झाला तरी चालेल. आणि तेही नको, ‘लिही नाहीतर जा’ असं झालं, तर जा. पण जाण्याची तयारी आजपासून हवी. नवी हळद यायला अजून तीनेक महिने आहेत, यार्डात आत्ता आवक कमी आहे, बोलायला आणि शोधायला हाच काळ बरा. घरखर्चाचा खरा आकडा काढा आणि तीन महिन्यांचा बाजूला पडेल असं बघा. बेदाण्याची कोल्ड स्टोरेजं, कारखान्यांचे वजनकाटे, यार्डातलीच सरळ दुकानं (आहेत, आणि कोणती ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे), इथे हिशेब येणारा माणूस लागतो.

उचलीचं मात्र आधी बघा. साठ हजारांतले किती फिटले ते मालकासमोर लिहून घ्या, महिन्याचा हप्ता ठरवा, दर हप्त्याची पावती घ्या. उचल बुडवून बाहेर पडलात तर ‘तत्त्वासाठी सोडली’ हे कोणी म्हणणार नाही. मिरजेच्या मिशन हॉस्पिटलमुळे आपल्या भागात ख्रिस्ती माणूस म्हणजे भरवशाचा, अशी एक समजूत कित्येक पिढ्या चालत आली आहे. तुम्हाला गल्ल्याजवळ बसवताना मालकाच्याही मनात ती असेल.

हे सगळं पत्नीला सांगितल्याशिवाय करू नका. पगार थांबला तर चूल तिला चालवायची आहे. आणि बाजार समितीकडे तक्रार करायचं मनात आलं तर आधी वकिलाला भेटा. पट्ट्यांवर तुमचंच अक्षर आहे, हे विसरून अर्ज करणारे पहिल्यांदा स्वतःच अडकतात.

आता ते पाचशे रुपये. ते कशाचे आहेत हे तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून तर पत्रात अवतरणचिन्हात लिहिलेत. त्यातले पन्नास अर्पणाच्या थैलीत टाकल्याने उरलेले साडेचारशे धुऊन निघत नाहीत. पुढच्या महिन्यापासून घेऊ नका. मागचं परत करण्याची रीत शास्त्रात आकड्यानिशी आहे: जेवढं घेतलं तेवढं पूर्ण आणि वर त्याचा पाचवा हिस्सा (लेवीय ६, गणना ५). समजा चौदा महिने घेतलेत, तर सात हजार आणि वर चौदाशे, एकूण आठ हजार चारशे. जक्कय या जकातदाराने चौपट देईन म्हटलं ते त्याच्या उमाळ्याने. तुमच्यावर चौपटीची सक्ती कोणी केलेली नाही. द्यायचे कोणाला? पट्टीबुकात नावं आहेत. सगळ्यांना पुरणार नाहीत, तर ज्यांचं नुकसान मोठं आणि परिस्थिती बेताची, अशा दोघा-तिघांपासून सुरुवात करा. एकरकमी जमणार नाही, महिना सातशे धरले तर वर्षात फिटतात. ज्याचा पत्ताच लागत नाही आणि वारसही सापडत नाही, त्याच्या वाट्याचं काय करायचं हेही गणना ५ मध्ये आहे: ते याजकाच्या हाती परमेश्वराला द्यायचं. म्हणजे मंडळीत देणं हा शेवटचा मार्ग आहे, पहिला नव्हे. मालकाने खाल्लेलं मात्र तुम्ही फेडायला जाऊ नका. त्यात तुम्ही बुडाल आणि तेही सुटणार नाही.

रोज रात्रीच्या कबुलीबद्दल. आपण पापं पदरी घेतली तर तो क्षमा करायला विश्वासू आहे, हे १ योहान १ मधलं वचन खरंच आहे. पण कबुली आणि पट्टी रोज एकाच क्रमाने चालू राहिली तर कबुली ही झोपेची गोळी होते. मन हलकं होतं आणि सकाळी पुन्हा लिहायला बळ येतं! तुम्ही चुकताय कुठे, तर ‘प्रभू, मी पापी आहे’ एवढं मोघम म्हणताय. एक आठवडा खिशात छोटी वही ठेवा आणि घसरलात तिथे फक्त तीन गोष्टी लिहा: किती वाजता, कोण समोर होतं, मला कशाची भीती वाटली. आठवड्याअखेर दिसेल की दहापैकी आठ वेळा वेळ आणि माणूस तेच आहेत. याकोब पहिल्या अध्यायात म्हणतो तसं पाप आधी वासनेच्या पोटात वाढतं, मग जन्मतं. तुमच्या बाबतीत ती वासना पैशाची नसून मालकाची मर्जी राखण्याची निघेल, असा माझा अंदाज आहे. भीड भिकेची बहीण. मग रात्री त्या एका जागेची कबुली करा आणि सकाळी त्याच वेळेसाठी प्रार्थना करा.

सोबतीला एक माणूस घ्या, एकमेकांजवळ पापं कबूल करा असं याकोब सांगतोच. पण माणूस निवडून घ्या. पुरुषासाठी पुरुष, बाईसाठी बाई. नातलग नको, तुमचा देणेकरी-घेणेकरी नको, आणि ऐकलेलं प्रार्थना सभेत ‘विनंती’ म्हणून मांडणारा तर अजिबात नको. आपल्या मंडळ्यांत बातमी मिरजेहून सांगलीला शहर बसच्या आधी पोहोचते. पाळक किंवा एखादे तोंडाचे घट्ट वडील असतील तर आठवड्यातून पंधरा मिनिटं पुरे. तुमची मंडळी कोणती ते तुम्ही लिहिलेलं नाही. कॅथलिक असाल तर फादरांकडच्या कबुलीची गुप्तता त्यांना मोडताच येत नाही, तिथे परतफेडीबद्दलही स्पष्ट विचारा, ते सांगतील.

फोनचं सोपं आहे, चार ओळींचा जीव त्याला नव्हता. ‘शेठ बाहेर गेलेत’ ऐवजी ‘शेठ आत्ता फोनवर येणार नाहीत, निरोप सांगा, लिहून घेतो.’ वाक्य खरं आहे आणि मालकाची सोयही होते. फक्त निरोप खरोखर लिहा आणि द्या, नाहीतर हेही दोन दिवसांत खोटं होईल.

राहिला पेढा. यावर आपल्या मंडळ्यांत एकमत नाही, तेव्हा माझं मत मत म्हणूनच घ्या. करिंथच्या बाजारात विकलं जाणारं मांस मूर्तीपुढे वाहिलेलं असायची शक्यता असे. पौल म्हणतो, बाजारात विकतात ते चौकशी न करता खा. पण कोणी हे वाहिलेलं आहे असं सांगितलं, तर त्याच्यासाठी खाऊ नका (१ करिंथ १०). आणि पूजेत भागी होणं वेगळं, ते नको. रोमकरांस १४ मध्ये आणखी एक कडी आहे: मनात संशय ठेवून खाल्लं तर खाणाऱ्याला ते पाप. तुमच्या मनात संशय आहे, तर खाऊ नका. हजर राहण्याचं विचाराल, तर अरामी सेनापती नामान कोडातून बरा होऊन परतताना म्हणाला की धनी रिम्मोन या त्यांच्या दैवताच्या देवळात माझ्या हातावर टेकून नमन करील तेव्हा मलाही वाकावं लागेल, त्याची क्षमा असावी. अलीशा संदेष्टा म्हणाला, शांतीने जा (२ राजे ५). लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुकान झाडून घ्या, दिवे लावायची जागा पुसून द्या, गिऱ्हाइकांना पाणी द्या. आरतीच्या वेळी मागे उभे राहा, हात जोडलेच पाहिजेत असं नाही. आणि सकाळीच मालकाला सांगून ठेवा: ‘शेठ, आमच्यात पूजेचा प्रसाद घेत नाहीत, राग मानू नका. चहा सगळ्यांबरोबर घेईन.’ पेढा हातावर यायच्या आधी नाही म्हणायचं. हातात घेऊन फेकण्यात ना सत्य राहिलं, ना प्रेम.

तो हमाल मात्र लक्ष्मीपूजनापर्यंत थांबणार नाही. त्याच्या दृष्टीने तुम्ही त्याच्या हातचं गटारीत टाकलंत, आणि हमालाच्या हातचं कोणी टाकून देणं म्हणजे काय, हे त्याला जन्मापासून माहीत असेल. तुमच्या मनातल्या १ करिंथ १० चा त्याला पत्ता नाही. वेदीवर अर्पण ठेवून आधी भावाशी समेट कर, असं मत्तय ५ मध्ये आहे, तेव्हा येत्या रविवारच्या आत त्याला गाठा. लांबण लावू नका: ‘पेढा टाकला, चुकलं माझं. आमच्यात प्रसाद घेत नाहीत, ते तेव्हाच तोंडावर सांगायला हवं होतं. तुझ्या हातचं म्हणून टाकला नव्हता.’ मग यार्डाच्या दारातल्या गाड्यावर दोघं चहा प्या, आणि पैसे तुम्ही द्या. त्या पाचशेतले नकोत.